थेंब चुकवू नका, आप्पा

पुणे, शुक्रवार

तीर्थरूप आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी काही सांगायला लागले की आप्पा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, जेवणं झाली की ओट्यावर बसून मोठ्यानं वाच. आणि आप्पा, वाचून होईपर्यंत गोठ्याकडे जायचं नाही.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची मंगळवारची तारीख आता पुढे ढकलू नका. "एक डोळा लख्ख दिसतोय, दुसरा पिकू दे जरा," असं तुम्ही म्हणता. मोतीबिंदू पिकवायचा काळ गेला, आप्पा. तेव्हा डोळ्यातलं गढूळलेलं अख्खं भिंग एकसंध बाहेर काढायचे, म्हणून ते पिकेपर्यंत थांबत. आता आतल्या आत फोडून ओढून घेतात. जितका उशीर कराल तितकं ते कडक होतं आणि फोडायला जास्त जोर लागतो. तुम्ही तीस वर्षं कराड डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलीत. गंजून बसलेला नट आणि वेळेत सोडवलेला नट यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार?

दिवाळीत तुमचा ओट्याच्या पायरीवरून पाय सुटला, तो काही पायरीचा दोष नव्हता. एका डोळ्याला स्वच्छ आणि दुसऱ्याला धुरकट दिसत असलं की अंतराचा अंदाज चुकतो. त्या दिवशी तुम्ही नुसते खरचटलात. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. आजीला मिरजेला नेलं होतं, ती गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलीत. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि तुम्ही उशाशी बसून चमच्यानं पेज भरवताय. आणि नंतर तो जाड भिंगांचा चष्मा, ज्यातून आजीचे डोळे केवढाले दिसायचे. तेव्हा भिंग काढायचे, पण त्या जागी दुसरं बसवत नसत. म्हणून तो चष्मा.

डोळ्यात भिंग बसवायची कल्पना कुठून आली ते वाचलं तेव्हा तुमचीच आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत गेल्या. ती काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिक. हॅरल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा बिथरत नाही. त्यानं त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये एका बाईच्या डोळ्यात बसवलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमननं मोतीबिंदू फोडायचं यंत्र माणसावर वापरलं. दंतवैद्य दात साफ करायला जी थरथरणारी सुई लावतात, तिच्यावरून त्याला ते सुचलं. ती सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, म्हणूनच जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या चिरेतून सगळं काम उरकतं. टाकाही लागत नाही. भूल डोळ्यापुरतीच, आणि संध्याकाळी तुम्ही आपल्या घरी.

पण घरी आल्यावरच खरी काळजी लागते. उजव्या डोळ्याच्या वेळी काय झालं ते आज लिहितेच, कारण त्यावर आपण कधी नीट बोललोच नाही. दहाव्या दिवशी डोळा चांगला वाटला म्हणून तुम्ही थेंब बंद केलेत आणि पाणी पाजायला रानात गेलात. डोळा लाल झाला, ठणकायला लागला. तीन दिवस तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. का, तर "पोरीला कशाला त्रास." डॉक्टरांनी थेंब पुन्हा सुरू केले आणि निभावलं. पण त्या तीन दिवसांत नजर गेली असती तर? आप्पा, मला त्रास द्या. रात्री दोनला द्या. तुम्ही लपवता, त्याचा त्रास मला कितीतरी जास्त होतो.

म्हणून या वेळी थेंबांचा कारभार आईकडे. सूज उतरवणारं औषध एकदम तोडलं की सूज उलटते, म्हणून ते दर आठवड्याला एकेका वेळेनं कमी करत आणतात. मागच्या वेळी सहा आठवड्यांचं होतं. या वेळी जे लिहून देतील ते शेवटच्या थेंबापर्यंत घालायचं. आई, तुला बाटलीवरचं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी आल्यावर जंतूंच्या औषधाच्या बाटलीला लाल दोरा बांधीन आणि सूज उतरवणाऱ्या दुधाळ औषधाच्या बाटलीला पांढरा. दुधाळ बाटली आधी चांगली हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं. हात साबणानं धुऊन आप्पांना खाटेवर आडवं कर. तुझा हात कापतो, तर मनगट त्यांच्या कपाळावर टेकव. खालची पापणी बोटानं ओढलीस की खोबणीसारखी जागा होते, त्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. देवापुढची उदबत्ती लावतेस तशी यालाही घड्याळाची वेळ ठरव.

म्हशीचं मी बोलून ठेवलंय. शेजारचा पोरगा महिनाभर दोन्ही वेळा धार काढेल. आप्पा, तुम्ही हसाल, पण शेणानं माखलेल्या शेपटीचा एक फटकारा त्या डोळ्यावर बसला तर सगळं मातीमोल होईल. वैरणीचा भारा उचलायचा नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, डॉक्टर सांगतील तोवर अंघोळ मानेखालून. देवाला साष्टांग घालण्याऐवजी हात जोडा, देव समजून घेतो. झोपताना डोळ्यावरची वाटी चिकटवायची, कारण झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो. बघायला येणाऱ्यांपैकी कोणी गुलाबपाणी, मध, तूप काहीही सुचवलं तरी डोळ्यात काही जाता कामा नये. टीव्ही बघायला, पेपर वाचायला हरकत नाही. जवळच्या अक्षराला चष्मा लागेल, त्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावर काढतात.

पहिले दोन-तीन दिवस थोडं खुपेल, पाणी येईल, धूसर वाटेल. ते चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, घाण यायला लागली, दिसणं कमी झालं, विजा चमकल्यासारखं किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी फोन. डॉक्टरांना आणि मला.

उजव्या डोळ्यानंतरची ती सकाळ आठवते का? अंगणात दोरीवर तुमचं धोतर वाळत होतं. तुम्ही एकदा डावा डोळा झाकलात, एकदा उजवा. म्हणालात, "याच्यानं पांढरं शुभ्र दिसतंय, आणि याच्यानं चहात बुडवल्यासारखं." मग आईच्या लुगड्याकडे बघून विचारलंत, "हे निळं आहे होय?" चार वर्षं ते तुम्हाला हिरवट दिसत होतं. आई तेव्हा पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत नव्हती.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीच्या दिवशी "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारल्यावर तुम्ही फक्त बीपीची सांगितलीत. लघवीसाठी गेल्या वर्षापासून रात्री घेता ती सांगितली नाहीत. मी समोर होते, म्हणून संकोच वाटला असेल. पण त्या गोळीत टॅमसुलोसिन आहे. त्यानं डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो, बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऑपरेशन चालू असताना पडदा फडफडतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते त्याची तयारी ठेवतात. ऐनवेळी कळलं तर अडचण होते. उजव्या डोळ्याच्या वेळी ही गोळी नव्हती, म्हणून तेव्हा प्रश्न आला नाही. आपल्या मनानं बंद करू नका, बंद केली तरी तिचा परिणाम राहतो. फक्त सांगायचं. तुम्हाला जमत नसेल तर मी बाहेर थांबते, आई सांगेल.

मी सोमवारी दुपारच्या गाडीनं स्वारगेटहून निघते, दिवेलागणीपर्यंत पोचेन. आठ दिवसांची रजा काढलीय. आई, तपासणीचे कागद एका पिशवीत घालून ठेव आणि त्या गोळीची पट्टीही त्यातच ठेव, रिकामी झाली असली तरी.

तुमची,
ताई