मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

गरोदरपणात आईने दारू घेतली तर बाळाच्या मेंदूची वाढ बिघडते, आणि त्यावर कोलीन नावाचं पोषकद्रव्य देऊन काही उपाय होतो का यावर बरीच वर्षं प्रयोग चाललेत. पण अशी बातमी येते तेव्हा मथळ्यात ‘गुणकारी’ असतं आणि प्रयोग उंदरांवरचा आहे हे पार शेवटी, ते कृपा करून बदला.

अमेरिकेत सॅन डिएगोत संशोधक जेनिफर थॉमस यांच्या टीमने उंदरांच्या पिल्लांना चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंत दारू दिली. जन्मल्यावर का, तर माणसाच्या मेंदूची जी वाढ शेवटच्या तिमाहीत पोटातच होते ती उंदरात जन्मानंतर होते. कोलीन दिलेल्या पिल्लांचा अतिचंचलपणा कमी झाला, जागा लक्षात ठेवणं सुधारलं, आणि मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की दारू थांबल्यावर कोलीन चालू केलं तरीही फरक पडला, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावरही काहीतरी हातात राहतं! पण याच टीमला 2004 मध्ये हेही दिसलं की तोल आणि हातापायांचा ताळमेळ मात्र सुधारला नाही. हे पण छापा ना.

माणसांत काम झालंय, अमेरिकेतच मिनेसोटात, पोटात असताना दारूचा परिणाम झालेल्या अडीच ते 5 वर्षांच्या मुलांना 9 महिने रोज 500 मिलिग्रॅम कोलीन दिलं, 2015 ला निकाल आला, स्मरणशक्तीचा फायदा मुख्यतः त्यातल्या लहानग्यांत दिसला, काहींच्या अंगाला माशासारखा वास यायला लागला. मुलं मोजकीच होती.

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. आमचे पालक मथळा वाचून थेट मेडिकलमध्ये जाऊन पावडरचा डबा विचारतात, मूल 12 वर्षांचं असलं तरी, आणि त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो हो. अंड्यात कोलीन भरपूर असतं, एका मोठ्या उकडलेल्या अंड्यात साधारण 147 मिलिग्रॅम, हे कोणी सांगत नाही. आणि कोलीन घेतलं की गरोदरपणात थोडी दारू चालते असं तर कुणीच समजू नये, थोडीसुद्धा सुरक्षित नाही.

पुढच्या वेळी प्राणी कुठला, वय काय, डोस किती आणि काय सुधारलं नाही एवढं पहिल्या परिच्छेदात द्या, जागा नसेल तर फोटो लहान करा.

आपली,
एक विशेष शिक्षिका, सातारा