आई-बाबा, या दिवाळीला मी माजुलीतच थांबतेय

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला गेलं की आईचा आवाज बदलतो, मग माझा पण बदलतो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. बाबांचा चष्मा अजून दुकानातच असेल तर पिंट्याला मोठ्यानं वाचायला सांगा. मधलं काही गाळायचं नाही असं पण त्याला सांगा.

दिवाळीला मी येत नाहीये, इथं आसामात, ब्रह्मपुत्रेतल्या या माजुली बेटावरच थांबतेय. परवाच तिकीट रद्द केलं. कार्तिक पौर्णिमेला इथं रास असतो, गावोगावच्या सत्रांमधे, म्हणजे वैष्णव मठांमधे, कृष्णाची नाटकं रात्रभर चालतात, ते झालं की दुसऱ्या दिवशी निघते. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांचाच तर प्रश्न आहे आई. रजा बिनपगारी आहे पण ऑफिसनं लेखी दिलीय, नोकरी सोडलेली नाही, फ्लॅटचा हप्ता खात्यातून आपोआप जातोय, तेव्हा बाबांनी रात्री उठून हिशेब करत बसू नये. नरकचतुर्दशीला पहाटे तुझ्या हातचं उटणं नसणार हे मलाही जड जातंय गं. चौतीस वर्षांत एकदा चुकली नाही, पुराच्या वर्षी भिंती ओल्या होत्या तरी तू चुलीवर पाणी तापवलंच होतंस.

मी आले होते आठ दिवसांसाठी. जोरहाटजवळ निमाती घाट आहे, तिथून फेरी सुटते, त्यात माणसं, मोटरसायकली, जीप, कोंबड्यांची खुराडी सगळं एकत्र, आणि तासाभरानं कमलाबारीला उतरवते. समोर नदी म्हणावी तर दुसरा काठच दिसत नाही, आपली कृष्णा कितीही फुगली तरी पलीकडची झाडं दिसतात की. मला सामागुरी सत्रातले मुखवटे बघायचे होते. बांबूचा सांगाडा, त्यावर चिकणमातीत भिजवलेलं कापड, मग शेणमातीचा लेप, आणि वाळल्यावर रंग. बाबा, तुम्ही गल्लीतल्या मंडळाचा गणपती करायचात तेव्हा मी माती मळून द्यायचे ना, तो वास इथं आला आणि मी तिथंच बसून राहिले दोन तास.

राहते एका मिसिंग जमातीच्या कुटुंबाकडं. त्यांची घरं जमिनीवर नसतातच, लाकडाच्या आणि बांबूच्या खांबांवर उचललेली, चांगघर म्हणतात. चिरलेल्या बांबूची जमीन, मधे चूल, खाली माग, डुकरं, कोंबड्या आणि एक होडी कायम तयार. घरात एक म्हातारी आहे, तिला सगळे आइता म्हणतात, म्हणजे आजी, मी पण तेच म्हणते. ऐंशीच्या घरात असेल. तिला हिंदी येत नाही, नातसून मधे बसून सांगते. १९५० चा मोठा भूकंप तिला अंधुक आठवतो, आई तिला पोटाशी धरून अंगणात बसली होती एवढंच. (बाबा, तुम्ही कोयनेची ती पहाट सांगता तसंच, अगदी तुमच्यासारखाच हात हलवून.) त्या भूकंपानंतर नदीत गाळ भरला, पात्र वर आलं आणि काठ जास्तच तुटायला लागला. बेट आता पूर्वीच्या निम्मंसुद्धा उरलेलं नाही. आइताचं घर चार वेळा मागं सरकलंय. जुनं घर कुठं होतं विचारलं तर तिनं पाण्याकडं बोट दाखवलं, तिथं काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

घराच्या एका खांबावर खुणा आहेत, कुठल्या साली पूर कुठवर आला त्याच्या. आणि मला आपला घाट आठवला. मी बालवाडीत असेन, पावसाळ्यात तुम्ही मला खांद्यावर घेऊन घाटावर जायचात आणि बुडालेल्या पायऱ्या मोजायला लावायचात. आज सात बुडाल्या, आज नऊ. मला आकडे शाळेत नाही, तिथं आले.

मग मी आइताला विचारलं, मुलगा जोरहाटला आहे, पक्कं घर आहे, बोलावतो पण, मग जात का नाहीस? ती सुपारी कातरत होती, कातरता कातरताच म्हणाली, तिथं संध्याकाळी मी कुणाच्या दारात जाऊन बसू?

आई, पुण्याला ये म्हटल्यावर हेच तू म्हणाली होतीस. शब्द वेगळे होते, पण हेच. आणि मी काय बोलले होते ते मला लख्ख आठवतं. २०१९ चा ऑगस्ट, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, मी पुण्यातून फोनवर ओरडत होते आणि बाबा म्हणत होते शेजारच्या काकूंना आधी नेऊ दे, आम्ही पुढच्या बोटीनं येतो. तेव्हा मी बाबांना नको ते बोलले. भीतीनं बोलले, पण बोलले. नंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. तुम्ही मला माफ केलंय हे ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकते, बाबा, चुकलं माझं. आणि पुण्याला या, पुण्याला या हे मी आता म्हणणार नाही. पुण्यातली खोली तुमचीच आहे, कधीही या, पण मागं लागणार नाही.

पण म्हणून मोकळं सोडणार असं नाही हां. गच्चीवर खोली बांधायची म्हणजे बांधायची, मिस्त्रींना पिंट्याच्या हातून पैसे पोचलेत, विचारलं नाही कारण विचारलं असतं तर नको म्हणाला असतात. संडास-बाथरूम वरच असेल, आणि जिना आईच्या गुडघ्याला झेपेल अशा बुटक्या पायऱ्यांचा. जून लागला की बीपीच्या गोळ्या, घराचे कागद, अल्बम सगळं प्लास्टिकमधे घालून वर. पालिकेची गाडी सांगत आली की त्याच दिवशी मावशीकडं निघायचं, दुसऱ्या बोटीची वाट बघायची नाही, काकूंना पण सोबत घ्या. बाबांची शुगर दर महिन्याला, आणि फराळातले लाडू मोजून, आई मोजेल.

माझी काळजी करू नका. पाणी उकळूनच पिते, मच्छरदाणी आहे, जाड गोधडी दिलीय, गरमूरला दवाखाना आहे. भात-मासे रोज, चुलीपाशी बसून लाल चहा. पाच-साडेपाचलाच काळोख होतो म्हणून त्यानंतर मी बाहेर पडत नाही. आणि जोरहाटच्या बाजारात मला मराठी ऐकू आलं, बघते तर आपल्या विट्याकडचे गलाईवाले काका, सोनं गाळायचं दुकान, वीस वर्षं झाली इथं येऊन. सांगलीची म्हटल्यावर काकूंनी जेवल्याशिवाय सोडलंच नाही, पिठलं-भाकरी केली. त्यांचा नंबर पिंट्याला पाठवलाय. माझ्याजवळचं भडंग आइताला दिलं, तिनं सगळ्या गल्लीत वाटलं.

दिवाळीआधी रंगारी येईल तेव्हा खिडकीवरची ती पाण्याची रेघ पुसायला सांगू नका. मीच मागं लागले होते पुसा म्हणून. राहू दे. रंगाऱ्याला तेवढा पट्टा सोडायला सांगा, आणि बाजूला साल घाला, बाबांच्या अक्षरात.

पाडव्याला सकाळी आठला फोन करते. रेंज नसली तर घाटावर जाऊन करीन, उशीर झाला तर घाबरू नका.

तुमची,
बाळी

ता. क. आई, उटण्याची पुडी माझ्या वाटणीची ठेव. आल्यावर लावशील.