टेबलावरचे जुने नाशिक

नाशिक,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बेंगळुरूला तुमचे बरे चालले आहे, बाबांचे गुडघेही तिथल्या हवेत कमी दुखतात, हे दादाच्या फोनवरून कळते. फोनवर बोलताना मात्र मागे कुकरच्या शिट्ट्या असतात, नातवंडे मध्ये बोलत असतात आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून हे पत्र सावकाश बसून लिहीत आहे. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. निफाडचा पारा रोज पेपरात येऊ लागला आहे, आणि परवा भल्या पहाटे ओझरच्या रस्त्याने जाताना द्राक्षबागांत ओळीने पेटवलेल्या शेकोट्या दिसल्या. घडांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून माणसे रात्रभर जागी होती. धुके, धूर आणि त्यातून दिसणारे ते लालसर ठिपके पाहताना मला तुमची फार आठवण झाली.

गेले दीड महिना घरात एक काम चालले आहे आणि ते मी मुद्दामच तुमच्या कानावर घातले नव्हते. वाड्यातून आणलेल्या सागवानी टेबलावर मी एक लहानसे गाव उभे केले आहे. पुठ्ठ्याची घरे, त्यांच्या आत दिवे, मधून वाहणारी नदी. ते गाव म्हणजे आपले जुने नाशिक आहे, आणि त्यात आपला वाडाही आहे. वाडा पाडल्यावर बाबा पुन्हा त्या गल्लीत गेले नाहीत हे मला माहीत आहे, त्यामुळे हा विषय काढावा की नाही हे बरेच दिवस ठरत नव्हते. पण काम आता अशा जागी येऊन थांबले आहे की तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरुवात झाली ती शेजारच्या काकूंमुळे. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तिकडून चिनी मातीची पाच-सहा घरे आणली आणि शोकेसवर मांडून संध्याकाळी त्यांतले दिवे लावले. छपरांवर बर्फ, खिडक्यांतून पिवळा उजेड, दारात हातभर लांबीचे कापसाचे अंगण. तुमची नात त्यापुढे तासभर हलली नाही. थंडीच्या दिवसांत घरात असे दिव्यांचे गाव मांडणे हा तिकडे अनेक कुटुंबांचा नेम आहे. मिनेसोटामधल्याच डिपार्टमेंट ५६ या कंपनीने १९७६ मध्ये हाताने रंगवलेली अशी सहा घरे बाजारात आणली, पुढे १९८४ मध्ये जुन्या इंग्लंडच्या धर्तीवरचे दुसरे गाव काढले, आणि लोक दरवर्षी एखादे घर घेऊन आपले गाव वाढवू लागले. त्याच्याही आधी, महायुद्धापूर्वीच्या काळात, जपानमध्ये बनवलेली पुठ्ठ्याची घरे अमेरिकेत स्वस्तात मिळत असत. त्यांच्या मागच्या बाजूला एक भोक असे आणि नाताळच्या माळेतला एक दिवा त्यातून आत सरकवला की खिडक्या उजळत. पुठ्ठ्याची घरे आणि मागे भोक हे वाचले, तेव्हाच मला वाटले की हे आपल्यालाही जमेल.

मला सर्वांत जवळची वाटली ती इटलीतल्या नेपल्स शहराची रीत. तिथे नाताळात येशूजन्माची गव्हाण मांडतात, पण तिच्या भोवती बेथलेहेम नसते, नेपल्सच असते. पाववाला, मासळीवाली, खानावळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे असा सगळा आपल्या गल्लीतला संसार त्या मूर्तींत येतो, आणि सान ग्रेगोरियो आर्मेनो नावाच्या तिथल्या अरुंद रस्त्यावर अशा मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची दुकाने वर्षभर उघडी असतात. देव जन्माला यायचा तर तो आपल्याच आळीत येईल, असे त्या लोकांना वाटत असले पाहिजे. आई, तू मला लहानपणी नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात गव्हाण दाखवायला नेले होतेस आणि तिथून आपण बाबांची प्रेस सुटण्याची वाट पाहत थांबलो होतो, तेही हे वाचताना आठवले.

आणि खरे सांगायचे तर ही कला मला घरातच शिकवली गेली होती. दिवाळीच्या सुटीत बाबा आम्हाला किल्ला करायला लावत. विटा रचायच्या, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, उतारावर अळीव पेरायचे आणि चार दिवसांत हिरवळ उगवताना पाहायची. त्या वेळी बाबा म्हणत, मोठा मावळा खाली ठेव आणि लहान मावळा वरच्या बुरुजावर, म्हणजे किल्ला आहे त्याहून उंच दिसतो. चिनी मातीची घरे मांडणारे लोकही नेमके हेच करतात: मोठी घरे पुढे, लहान घरे मागे आणि थोडी उंचावर, म्हणजे दोन फुटांच्या फळीवर कोसभराचे अंतर दिसते. मी पंचवटीकडची घरे याच हिशेबाने लहान केली आहेत.

बाबा माप विचारतील म्हणून लिहिते. १ इंचाला ६४ इंच असे प्रमाण धरले आहे, म्हणजे ५ फूट ४ इंच उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. वाडा पाडण्याआधी काढलेल्या नकाशात दर्शनी भिंत २४ फूट आहे, तेव्हा आपला वाडा साडेचार इंच उंच झाला. थर्माकोल अजिबात वापरला नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली हे एक कारण आहेच, शिवाय त्याचा भुगा घरभर होतो आणि ठिणगी पडली तर तो क्षणात पेटतो. सगळे मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे आहे. पहिल्या घरात दिवा लावला तेव्हा भिंतींतूनच उजेड झिरपला आणि घर कंदिलासारखे दिसू लागले, म्हणून पुढच्या सगळ्या घरांना आतून स्वयंपाकघरातली फॉइल लावली. आता उजेड फक्त खिडकीतून येतो. खिडक्यांना बटर पेपर आहे आणि त्यामागे चिकटवलेल्या तांब्या-कळशीच्या आकारांची सावली पडते.

दिव्यांचा रंग ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. प्रथम पांढऱ्या एलईडीची माळ आणली होती, पण तिने सगळे गाव औषधाच्या दुकानासारखे दिसले. मग २७०० केल्विनचे पिवळसर दिवे शोधून आणले, आणि ते लागताच मला आपल्या माजघरातला चाळीसचा बल्ब आठवला. लुकलुकणारी माळ वापरायची नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते, कारण घरातला दिवा लुकलुकत नाही, तो शांत जळतो. सगळ्या खिडक्याही उजळलेल्या नाहीत. ज्या गल्लीत प्रत्येक खिडकीत उजेड आहे ती गल्ली खोटी वाटते. कुणी लवकर निजलेले असते, कुणी गावाला गेलेले असते.

नदी म्हणजे मागून काळा रंग दिलेली काच आहे. तिच्यात काठावरचे दिवे उलटे दिसतात आणि त्रिपुरी पौर्णिमेला गोदेत सोडलेले दिवे आठवतात. बर्फाचा प्रश्नच नव्हता. त्याऐवजी कापूस अगदी विरळ पिंजून, दिव्यांना लागणार नाही अशा बेताने, नदीवर पसरला आहे, आणि ते आपल्या पौषातल्या पहाटेचे धुके झाले आहे. काठावर दुतोंड्या मारुती आहे, शेंदरी रंगाचा. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पूर मोजायची आपली पद्धत मी नातीला समजावून सांगितली, तेव्हा तिने त्याच्या पायाशी पेन्सिलीने खुणा केल्या. पलीकडे १७४७ मधले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या घंटेसाठी तुझ्या जुन्या पैंजणातले एक घुंगरू वापरले आहे, आई, रागावू नकोस. वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण सांगणाऱ्या घंटेला घरातलेच काहीतरी लावावे असे वाटले. काळारामाचे शिखर मात्र मनासारखे झालेले नाही. तो काळा पाषाण पुठ्ठ्यात उतरत नाही, आणि तिसऱ्यांदा करूनही ते जड दिसत नाही, नुसते काळे दिसते.

आता वाड्याविषयी. दिंडी दरवाजा, देवडी, ओसरीचे खांब, चौकातले तुळशीवृंदावन हे सगळे झाले आहे. चौक वरून उघडा असल्यामुळे तिथे दिवा लपवता आला नाही, म्हणून वृंदावनाच्या कोनाड्यातच मोहरीएवढा एक दिवा बसवला. गल्लीकडच्या बाजूला खाली माजघराची खिडकी आणि वर माडीची, अशा दोन खिडक्या आहेत. बाबांची दुसरी पाळी असली की ते मध्यरात्रीनंतर घरी येत, आणि कोपऱ्यावर वळले की आपला दिवा दिसतो, मग थंडी वाजत नाही, असे म्हणत. तो दिवा कोणत्या खिडकीत असे, हे मला हवे आहे. माझ्या आठवणीत तो माडीवर आहे, कारण मी तिथेच तुझ्या कुशीत झोपत असे. दादा ठामपणे सांगतो की तू माजघरात स्वेटर विणत बसत असस आणि दिवा खालीच असे. आम्ही दोघेही वाड्याच्या आत होतो. बाहेरून तो दिवा फक्त बाबांनी पाहिला आहे आणि लावला आहे फक्त तू. म्हणून तुम्ही दोघांनी बसून हे ठरवा आणि मला कळवा. शक्य झाले तर खिडकीला गज किती होते तेही लिहा. मी पाच केले आहेत, पण ते दाटीवाटीचे वाटतात.

संक्रांतीला तुम्ही याल तेव्हा येताना मावळ्यांची पत्र्याची पेटी आणावी. ती दादाकडच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे आहे असे वहिनी म्हणाल्या. त्यातली एक पखालवाल्याची मूर्ती होती, ती मला घाटाच्या पायऱ्यांवर ठेवायची आहे. ती पुठ्ठ्याच्या माणसांपेक्षा दुप्पट उंच होईल, पण सर्वांत पुढे ठेवली की चालेल. गाव मी माघापर्यंत उचलणार नाही. बाबांना वाकावे लागू नये म्हणून टेबलासमोर आरामखुर्ची आणून ठेवली आहे आणि दिव्यांचे बटण तिच्या हाताशी येईल असे घेतले आहे.

तुमचे उत्तर येईपर्यंत दोन्ही खिडक्या अंधारात ठेवल्या आहेत. तार आत सोडलेली आहे, वर किंवा खाली कुठेही जोडता येते.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी