कोयना खोऱ्यासाठी वाडीनिहाय नकाशा हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांच्या याद्या निघतात आणि डिसेंबर आला की १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण निघते. हे दोन धोके आपण वेगवेगळ्या ऋतूंचे आणि वेगवेगळ्या खात्यांचे मानत आलो आहोत. पाटण तालुक्यात डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन मात्र एकच आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगरचा परिसर उद्ध्वस्त केला आणि सुमारे १८० माणसे दगावली. तो हिवाळा होता, डोंगर निथळलेले होते. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे घरांवर दरडी कोसळल्या, त्या पावसाने. हेच दोन्ही एका वेळी घडले तर काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीममध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप पावसाळा सरण्यापूर्वीच झाला, तेव्हा जागोजागी दरडी कोसळून रस्ते बंद झाले आणि मदतपथकांना दुर्गम गावांपर्यंत पोहोचणे कठीण झाले. कोयनेत भूकंप डिसेंबरातच होईल, असे कोणीही म्हणू शकत नाही.

भूकंपाचा हादरा सगळीकडे सारखा बसत नाही. कठीण खडकातून वेगाने येणाऱ्या लाटा गाळात किंवा भुसभुशीत मातीत शिरल्या की त्यांचा वेग मंदावतो आणि त्याच्या बदल्यात हेलकावा वाढतो. २००१ च्या कच्छमधील भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, त्याचे एक कारण हे होते (कमकुवत बांधकाम हे दुसरे, आणि तेही विसरता येणार नाही). डोंगराची गोष्ट आणखी निराळी. अरुंद सोंडेवर किंवा कड्याच्या टोकाशी दोन्ही अंगांनी आलेल्या लाटा एकवटतात आणि माथ्यावरचे घर पायथ्याच्या घरापेक्षा जास्त हलू शकते. म्हणजे एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीतील तीन वाड्यांना एकाच भूकंपाचे तीन वेगवेगळे अनुभव येऊ शकतात.

त्यात सह्याद्रीची घडण लक्षात घ्यावी लागते. आपले डोंगर लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचे आहेत आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, चिकण मातीचा पातळ पट्टा असतो. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी या पट्ट्यावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या पूर्वजांनी अनेक वाड्या अशा झऱ्यांच्या आधारानेच, कड्याखालच्या सपाटीवर वसवल्या. पाणी होते, शेतीपुरती माती होती. पण ती माती म्हणजे बहुधा वरून घसरून साचलेलाच राडारोडा असतो. पावसाने ती तुडुंब भरली की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून त्यांची एकमेकांवरील पकड सुटू लागते, आणि अशा वेळी हादऱ्याने बाजूने रेटा दिला तर एरवी टिकलेला उतारही सुटू शकतो. रस्त्यासाठी किंवा घराच्या चौथऱ्यासाठी जेसीबीने उताराचा पायाच उभा कापलेला असेल, तर त्याला आधार उरत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे जे देशव्यापी नकाशे केले, ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. ते काम मोलाचे आहे, पण त्या नकाशावर शंभर मीटर लांबीची वाडी अवघी दोन मिलिमीटर दिसते. भूकंपप्रवण विभागांचा नकाशा तर त्याहून ठोकळ. त्यावर विसंबून राहण्याची किंमत आपण किल्लारीत मोजली आहे. १९९३ च्या भूकंपाआधी किल्लारी त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती.

माझी मागणी अशी की, कोयना आणि वारणा खोऱ्यांतील वाड्यांचा भूकंप आणि दरड या दोन्ही धोक्यांचा एकत्र विचार करणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा शासनाने करून घ्यावा. मातीची जाडी, तांबड्या पट्ट्यांच्या जागा, झरे, जुन्या दरडींच्या खुणा आणि जमिनीच्या कंपनाचा स्वभाव त्यात असावा. या शेवटच्या गोष्टीसाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. जमीन सतत जी सूक्ष्म थरथर करत असते, ती एका जागी तासभर लहानसे उपकरण ठेवून मोजता येते. दिल्ली, बंगळूर, जबलपूर, गुवाहाटी या शहरांसाठी भूकंपधोक्याची अशी सूक्ष्म विभागणी झालेली आहे.

पुनर्वसनाच्या बाबतीत हे विशेष निकडीचे आहे. दरडीच्या भीतीने उतारावरून हलवलेले कुटुंब नदीकाठच्या गाळाच्या सपाटीवर किंवा पठाराच्या कडेला वसवले, तर एक धोका टळून दुसरा पदरात पडेल. जागा ताब्यात घेण्यापूर्वी तिची ही तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत, नकाशासह ग्रामपंचायतीत लावावा. मातीचे नमुने घेण्याचे काम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच सोयीने होते, तेव्हा त्यासाठीचा निधी येत्या अर्थसंकल्पातच ठेवावा.

आपला,
एक वाचक
ता. पाटण, जि. सातारा