आधी घर, मग बाकीचे

महोदय,

वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी शहराचे प्रशासन थंडीत रात्रनिवारे उघडते आणि एरवी अतिक्रमणविरोधी पथक पाठवते. पथकाच्या गाडीत पथारीबरोबर ओळखपत्र आणि औषधांची चिठ्ठीही जाते, आणि नवे ओळखपत्र काढायला गेल्यावर पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो. फिनलंडने २००८ पासून उलटा क्रम धरला: आधी रीतसर भाडेकराराचे, स्वतःच्या किल्लीचे घर, आणि व्यसनमुक्ती किंवा उपचार यांची मदत त्यानंतर, तीही अट म्हणून नव्हे. हे खर्चिक आहे, मान्य. पण माणसे रस्त्यावरच राहिल्याने रुग्णवाहिका, पोलीस आणि रुग्णालयातील खाटा यांवर होणारा खर्च वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असल्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतकेच. अंदाजपत्रकासोबत निदान तो एकत्रित हिशेब तरी प्रसिद्ध करावा.

– एक वाचक