सूचना : नदीपात्रातल्या चिखल्यांच्या विणीबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

मार्च ते मे हा छोट्या चिखल्याचा, म्हणजे लिटल रिंग्ड प्लोव्हरचा, विणीचा मुख्य काळ. डोळ्याभोवती ठळक पिवळं कडं असलेला हा पक्षी घरटं असं बांधतच नाही. वाळू-गोट्यांत उथळ खळगा करून त्यात बहुधा चार अंडी घालतो. ती गोट्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून रविवारच्या फेरीत कोरड्या पात्रात कुणीही उतरू नये. निरीक्षण काठावरूनच, दुर्बिणीने.

पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे गेला, तर समजा अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. फोटोसाठी त्याच्यामागे न जाता आल्या वाटेने लगेच मागे फिरा. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात ते नुसत्या उबेसाठी नाही. दुपारी त्यांची सावली हटली तर अंडी उन्हात भाजून निघतात.

अंड्यांचे, पिल्लांचे फोटो आणि नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकू नये, ही कळकळीची विनंती. कुत्रे सोबत आणू नयेत. पात्रात वाळूउपसा किंवा गाड्या दिसल्या तर संयोजकांना त्याच दिवशी कळवा.