आठवीपासून चिनी शिकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात, माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये चिनीचे नाव होते. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन ही नावे आली, चिनी गळली. दीडच महिन्यापूर्वी गलवान खोऱ्यात आपल्या २० जवानांना वीरमरण आले होते. तेव्हाचा राग मी समजू शकते. यादी उदाहरणादाखल आहे, बंदी कुठेच घातलेली नाही, हेही खरे. पण यादीत नाव नाही म्हटल्यावर संस्थाचालक त्या विषयाला हात लावत नाहीत. शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांना प्राथमिक चिनी शिकवणारी शिक्षिका म्हणून माझी मागणी आहे की महाराष्ट्राने तरी ही भाषा आठवीपासून ऐच्छिक विषय म्हणून उपलब्ध करून द्यावी.

ज्यांच्याशी सीमेवर वाद आहे त्यांची भाषा मुलांनी कशासाठी शिकायची, असे पालक पहिल्याच भेटीत विचारतात. वाद आहे म्हणूनच शिकायची, असे मी सांगते. २०२४-२५ या वर्षात चीनमधून भारतात ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल आला. आपण तिकडे पाठवला जेमतेम १४ अब्जांचा. एवढा व्यवहार, एवढी लांब सीमा, आणि पलीकडचे बहुतेक सगळे आपल्याला कुणीतरी इंग्रजीत करून दिलेले वाचावे लागते. मुळातून वाचणारी माणसे एकदोन वर्षांत तयार होत नाहीत. चीनमध्ये १९८८ साली नित्य वापरातल्या अक्षरांची यादी प्रसिद्ध झाली, तीत ३५०० अक्षरे होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात केली तर दहावीपर्यंत चारपाचशे अक्षरे हाताखालून जातात आणि पुढची वाट सोपी होते. पदवीनंतर सुरुवात करणाऱ्याला नोकरी सांभाळून तेवढेच करताना फार ओढाताण होते.

चिनी म्हणजे अशक्य, हा समज मात्र घालवायला हवा. निदान मराठी मुलांसाठी तो खरा नाही. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन पद्धत १९५८ पासून वापरात आहे. तिच्यातली बी, डी, जी ही अक्षरे इंग्रजीच्या सवयीने ब, ड, ग अशी वाचली की उच्चार बिघडतो. ती आपल्या प, त, क यांच्या जवळची आहेत. पी, टी, के म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, मग थ आणि ख. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या मुलांच्या जिभेवर जन्मापासून असतो, त्यावर इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला बरीच मेहनत घ्यावी लागते. शिवाय ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च हे दोन वेगळे ध्वनी चिनीतही लागतात. म्हणून पहिले काही आठवडे मी वहीत देवनागरी चालवते. आपल्या वृत्तपत्रांत ‘जिनपिंग’ असे छापले जाणारे नाव चिनी माणसाच्या तोंडी ‘चिनफिंग’च्या जवळ जाते, हे मुले मग आपणच ओळखतात.

चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, त्या चार सुरांना वेळ लागतो. एक उंच सपाट, एक चढता, एक खाली जाऊन वर येणारा, एक झटक्यात उतरणारा. मुले हवेत हात फिरवत ते म्हणतात आणि हळूहळू कान तयार होतो. व्याकरण त्या मानाने हलके आहे. लिंगभेद नाही, क्रियापदाची रूपे पाठ करायची नाहीत. अकराला दहा-एक, एकवीसला दोन-दहा-एक. (बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस एक’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! चिनी मुले कायम तशीच मोजतात.) नाती शिकवताना तर वर्ग खुलतो. काका, मामा, आत्या, मावशी यांना चिनीत वेगवेगळी संबोधने आहेत, वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावांनाही वेगळी. इंग्रजीत अंकल-आंटीवर भागवणाऱ्या मुलांना ही भाषा एकदम घरची वाटू लागते.

संस्कृती शिकवायची म्हणजे कागदी कंदील आणि ड्रॅगनची चित्रे, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. त्यांच्या पंचांगातही चांद्रमास आहेत आणि अधिक महिनाही आहे. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला ते कुटुंबासह चंद्रदर्शन करतात. २०२५ साली तो सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली. ह्युएन त्संग सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात आला होता. उपकार स्मरणारे आणि अपमान न विसरणारे लोक, असे मराठी माणसांचे वर्णन त्याने चिनीत लिहून ठेवले. फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी पाली आणि चिनी बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली पुण्यातून प्रसिद्ध केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे चिनी शिकले, त्या भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. हे सारे अभ्यासक्रमात हवे. १९६२ चे युद्ध आणि तिबेटही हवे. नववीच्या मुलांना कटू गोष्टी पेलतात. भाषा शिकवताना त्या झाकून ठेवणे मला मान्य नाही.

तिसऱ्या भाषेवरून २०२५ मध्ये राज्यात जे वादळ उठले ते पाहता एक स्पष्ट करते. पहिलीपासून कोणतीही परदेशी भाषा नको, सक्ती तर मुळीच नको, आणि मराठीचा एक तासही कमी व्हायला नको.

खरा प्रश्न शिक्षकांचा आहे. चिनी भाषा शिकवणाऱ्या, चीन सरकारशी जोडलेल्या कन्फ्यूशियस संस्थांचा आढावा केंद्राने २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. आपल्या शाळेत काय शिकवायचे हे बाहेरच्या सरकारने ठरवू नये. पण शांतिनिकेतनात चीना भवन १९३७ पासून आहे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही चिनी शिकवले जाते. तिथून शिकून आलेल्यांसाठी आपल्या शाळांत पदच नाही, म्हणून ते भाषांतराच्या कामाकडे वळतात. तैवानमध्येही हीच भाषा बोलली जाते; लिहिण्याची जुनी अक्षरे वेगळी असली तरी बोलणे शिकवायला तिथले शिक्षक बोलावता येतील. शिक्षण विभागाने आधी पुणे, नागपूर आणि सोलापूर येथील काही शाळा निवडाव्यात, त्यांना एक मंजूर पद द्यावे आणि आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम बालभारतीकडून मराठीतून तयार करून घ्यावा. पाठ्यपुस्तक मराठीतून असावे हा माझा आग्रह आहे, कारण आज मुलांच्या हाती पडणारी पुस्तके इंग्रजीतून आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली हुशार मुले पहिल्या धड्यातच मागे पडतात.

आपली,
चिनी भाषेची एक शिक्षिका, पुणे